लसीचा खर्च आणि विश्वासाचा खर्च

लस शासन विनामूल्य देते. मग ती घ्या, हे सांगण्यासाठी पुन्हा जनतेचा पैसा कशाला, असा प्रश्न सुशिक्षित मंडळीही विचारतात. प्रश्न काटकसरीचा वाटतो, परंतु इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या बळावर घरझडत्या व सक्तीचे विलगीकरण सुरू होताच लोक रुग्ण लपवू लागले. त्याच वर्षी १० जानेवारीस वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना त्याच रोगाने निधन झाले. धाकाने माणूस दडतो, विश्वासाने पुढे येतो, हाच त्या वर्षाचा धडा आहे.

विश्वास मात्र फलकावर छापता येत नाही. आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. निवासी शाळेमुळे थोरले भावंड गावी राहून शिकते. तान्हे मात्र आईबरोबर फडावर जाते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. नेमक्या त्या दिवसांत बाळ उसाच्या फडावर आणि लसीकरणाचे कार्ड गावच्या पेटीत, असे घडते. बसस्थानकावरील मोठा फलक त्या आईपर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती घर ओळखणारी, कोणता मुकादम कोणत्या कारखान्यावर गेला हे ठाऊक असणारी आशाताई. एका बालकाचे पहिल्या वर्षातील लसीकरण पूर्ण करून घेतल्याबद्दल राष्ट्रीय आरोग्य अभियानात तिचा मोबदला १०० रुपये ठरलेला आहे. तिची कैक महिन्यांची पायपीट आपण एवढ्यावर तोलतो.

प्रचाराच्या नावाखाली उधळपट्टी होते, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय मात्र निधी थांबवणे हा नव्हे, तो योग्य हाती देणे हा आहे. जाहिरातीआधी आशाताईंचा मोबदला वाढावा. हंगामात कारखान्याच्या परिसरातच लसीकरणाची सत्रे व्हावीत. गावची यादी तेथील आरोग्य केंद्राकडे वेळेत जावी. २०२२ मध्ये मुंबईत गोवर उसळला तेव्हा बाधितांत लस न घेतलेली बालके मोठ्या संख्येने होती. वेळेवर न केलेला खर्च तेव्हा रुग्णालयात करावा लागला.

या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येकास एक विनंती आहे. यंदा मुकादमाच्या गाड्या निघण्यापूर्वीच्या ग्रामसभेत उभे राहा. गावच्या आरोग्य समितीला मिळालेला निधी कोठे खर्च झाला, हे विचारा. आणि स्थलांतराला निघालेल्या प्रत्येक बाळाचे कार्ड आईच्या पिशवीत आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा.