आकडा आला कुठून?

इंग्लंडातल्या लोकांचा आपल्या डॉक्टरांवर, न्यायालयांवर आणि सरकारवर गाढ विश्वास असतो, असा आपल्याकडे एक समज आहे. इथे काही वर्षं काढली की तो विरत जातो. परवा प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत लसीवरून चांगलीच जुंपली. एका सहकारी बाईंचं बाळ आता वर्षाचं होईल, गोवराच्या लसीची तारीख आलेली. त्या म्हणाल्या, "ज्या सरकारने मॅड काऊच्या वेळी 'बीफ खुशाल खा' म्हणून सांगितलं, ज्या डॉक्टरच्या शब्दावर सॅली क्लार्क तुरुंगात गेली, त्यांच्या भरवशावर मी बाळाला सुई टोचू?" दुसरा म्हणाला, "हा निव्वळ अडाणीपणा आहे." झालं, वाद तिथेच संपला. मला मात्र दोघांचंही पटलं नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

बाईंचं बोलणं हवेतलं नव्हतं. मे १९९० मध्ये जॉन गमर या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर देऊ केला होता. गाईंच्या रोगाचा माणसांना धोका नाही हे दाखवायला! मार्च १९९६ मध्ये सरकारलाच संसदेत सांगावं लागलं, की तो रोग माणसांत आला असण्याची शक्यता आहे. इथे त्या रोगाने पावणेदोनशेच्या वर माणसं गेली.

सॅली क्लार्कची गोष्ट याहून वाईट. ही वकील बाई. तिची दोन तान्ही बाळं १९९६ आणि १९९८ मध्ये, काही आठवड्यांची असतानाच, अचानक दगावली. आईवरच खुनाचा खटला भरला गेला. सर रॉय मेडो या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं, की अशा सुस्थितीतल्या घरात एक बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन दगावण्याची ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली.

इंजिनिअरला हा गुणाकार वाचून घाम फुटतो. सोसायटीत पाण्याचे दोन पंप आहेत आणि प्रत्येक पंप हजार दिवसांत एकदा बंद पडतो, असं समजा. मग दोन्ही एकाच दिवशी बंद पडणं दहा लाखांत एकदाच होईल का? दोघांना वीज एकाच वायरवरून येत असेल, तर मुळीच नाही. वायर गेली की दोन्ही गेले. दोन सख्ख्या भावांचे आईबाप एक, घर एक, रक्त एक. तिथे सरळ गुणाकार चालतच नाही. शिवाय लॉटरी लागणं कोट्यवधीत एक असतं, म्हणून ज्याला लागली त्याने तिकीट चोरलं असं आपण म्हणत नाही. आईने पोटची दोन्ही बाळं मारणं हेही अत्यंत दुर्मिळच. तुलना या दोन दुर्मिळ गोष्टींत करायची होती, ती केलीच नाही.

२००० मध्ये पहिलं अपील फेटाळलं गेलं. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून हा आकडा चुकीचा ठरवला. पुढे कळलं, की दुसऱ्या बाळाच्या तपासणीत जंतू सापडले होते आणि तो अहवाल बचावपक्षाला दिलाच नव्हता. जानेवारी २००३ मध्ये ती सुटली, पण सावरली नाही. २००७ मध्ये, ४२ व्या वर्षी गेली.

इथपर्यंत मी बाईंच्या बाजूने आहे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. "ते तेव्हा चुकले, म्हणून आता त्यांच्या विरुद्ध बोलणारा खरा." हे कुठलं तर्कशास्त्र?

फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असल्याची शंका पसरवली. आता इथेही तोच प्रश्न विचारा: आकडा आला कुठून? उत्तर आहे, बारा मुलं. फक्त बारा! २००२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ५ लाख ३७ हजारांवर मुलांच्या नोंदी तपासल्या. संबंध सापडला नाही. २००४ मध्ये ब्रायन डीअर या पत्रकाराने उघड केलं, की लसकंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डना पैसे मिळत होते. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला, वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला.

म्हणजे ज्या प्रश्नाने सॅली क्लार्कविरुद्धचा आकडा खोटा पाडला, त्याच प्रश्नाने वेकफिल्डचा दावाही उघडा पाडला. प्रश्न सरकारधार्जिणा नाही आणि सरकारविरोधीही नाही.

मधल्या काळात व्हायचं ते नुकसान झालं. २००१ च्या डिसेंबरात पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना विचारलं गेलं, तुमच्या धाकट्याला लस दिली का? त्यांनी खाजगी बाब म्हणून उत्तर टाळलं. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. लसीकरण ९२ टक्क्यांवरून ८० च्या आसपास घसरलं. त्याचं बिल आलं दहा वर्षांनी: २०१२-१३ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीच्या परिसरात गोवराचे हजारावर रुग्ण नोंदले गेले, एक तरुण दगावला. गोवर म्हणजे काय हे माझ्या आजीला कुणी समजावायची गरज नव्हती. गोवर विसरण्याची चैन लसीनेच आपल्याला दिली.

पण म्हणून 'तज्ज्ञ सांगतात ते मुकाट ऐका' हेही उत्तर नव्हे. इथल्या पोस्टाचं प्रकरण त्याचा पुरावा. १९९९ ते २०१५ या काळात होरायझन नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने दाखवलेल्या खोट्या तुटीवरून नऊशेच्या वर पोस्टचालकांना गुन्हेगार ठरवलं गेलं. त्यात भारतीय वंशाचे दुकानदारही पुष्कळ. प्रत्येकाला सांगितलं जाई, तुमच्या एकट्याचाच हिशेब चुकतोय. संगणक बरोबरच चालतो असं कायद्यानेही तेव्हा गृहीत धरलं होतं. शेवटी २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. तिथे आकडा आला कुठून, हे विचारायची सोयच ठेवली नव्हती.

म्हणून विश्वास ठेवायचा की नाही, हे खुर्चीकडे बघून ठरवू नये, आणि खुर्चीला शिव्या देणाऱ्याकडे बघूनही नाही. ज्याचे आकडे परक्या माणसाला तपासायला खुले आहेत, ज्याला चुकीचं ठरवायचा रस्ता मोकळा आहे आणि तरीही जो टिकला आहे, त्याच्यावर ठेवावा. गोवराची लस या परीक्षेत देशोदेशी पास झाली आहे, होरायझन नापास झालं. शंका जरूर घ्यावी, पण ती घेतल्यावर उत्तर ऐकायलाही थांबावं. नाहीतर ती शंका नसते, तो नुसता राग असतो. आणि त्या रागाची किंमत बहुतेक वेळा ज्यांना बोलताही येत नाही अशी लहान मुलं मोजतात.