गाडीचं माहेरपण

आमच्या सोसायटीत वर्तमानपत्र घरोघरी येतं, पण बातमी कळते ती तळमजल्यावरच्या अण्णांकडूनच. ऑगस्ट 2019 मधली एक सकाळ. मी दुधाच्या पिशव्या सांभाळत जिन्याकडे वळतोय, तोच अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काय हो, तुमची व्हॅगनआर परत बोलावली म्हणे कंपनीनं!"

त्या 'परत बोलावली'तला स्वर माझ्या ओळखीचा होता. लग्न होऊन सहा महिने न झालेली पोर ट्रंक घेऊन सासरहून परत आली, की वाड्यातल्या बायका नळावर ज्या स्वरात बोलत, तो हा स्वर. संध्याकाळपर्यंत तिघेजण समाचाराला येऊन गेले. एकानं "किती पैसे बुडाले?" असं हळूच विचारलं. दुसरे म्हणाले, "मी तेव्हाच सांगत होतो." हे गृहस्थ तेव्हा काहीही सांगत नव्हते, उलट पेढा खाऊन गेले होते.

बातमी एवढीच होती, की 15 नोव्हेंबर 2018 ते 12 ऑगस्ट 2019 या काळात तयार झालेल्या एक लिटर इंजिनाच्या 40,618 व्हॅगनआर कंपनीनं तपासणीला बोलावल्या होत्या. पेट्रोलची नळी धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती. मी गाडी नेली. त्यांनी पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि एक पैसा घेतला नाही. गॅरेजमधून पाकीट न उघडता बाहेर पडण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. कोणी हाक मारतंय का, म्हणून मी फाटकापाशी दोनदा मागं वळून पाहिलं.

पुढे जुलै 2020 मध्ये याच मॉडेलच्या 56,663 गाड्यांना पेट्रोल पंपासाठी बोलावणं आलं. त्यांत बलेनो मिळवल्या की आकडा 1,34,885. ऑक्टोबर 2022 मध्ये व्हॅगनआर, सेलेरिओ, इग्निस मिळून 9,925. कारण मागच्या ब्रेकमधली एक पिन. मार्च 2024 मध्ये पुन्हा पंपच, 4,190 व्हॅगनआर, आणि त्याही 2019 सालच्याच. अण्णा हा हिशेब क्रिकेटच्या धावफलकासारखा ठेवत. "चौथी विकेट!" ते गॅलरीतून ओरडले. वर मल्लिनाथी होतीच, "आमची बघा. तीही व्हॅगनआरच, पण भाच्याकडून घेतल्यापासून एक बोलावणं नाही. अगदी गुणी!"

माझं भांडण आहे ते इथं. गाडी माणसानं केलेली वस्तू आहे. एका गाडीत चूक राहिली, तर तोच सुटा भाग बसवलेल्या हजारो गाड्यांत ती राहते. घरी भाजीत मीठ जास्त पडलं तर एका घराची पंचाईत. लग्नाच्या पंगतीत पडलं तर पाचशे पानांची. तेव्हा आचाऱ्यानं बाहेर येऊन "मंडळी, जरा थांबा" म्हणावं, की पडद्याआड गप्प बसावं? अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या गाड्या, असं जो सांगतो त्यानं निदान वही तरी नीट ठेवलेली असते. कंपन्या साधुसंत आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांच्या निवेदनात 'संभाव्य दोष' असा काही हळुवार शब्द असतो, की वाटावं, गाडीला थोडी कणकण आहे. पण सांगतात ना!

न सांगणाऱ्यांचीही गोष्ट ऐका. अमेरिकेत फोर्डची पिंटो नावाची छोटी गाडी 1970 साली बाजारात आली आणि धडाक्यानं खपली. तिची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्याही मागं, बंपरच्या बाजूला. मागून जोराची धडक बसली, की टाकी फुटून आग लागायची. माणसं भाजली, मेली. कंपनीनं स्वतःच घेतलेल्या धडकेच्या चाचण्यांत टाकीचं दुखणं आधीच दिसलेलं होतं. टाकीसाठी गाड्या परत बोलावल्या त्या 1978 साली, भावंड असलेली बॉबकॅट धरून सुमारे 15 लाख. उपाय काय, तर टाकीला प्लास्टिकची ढाल आणि थोडी डागडुजी! अण्णांच्या हिशेबानं मधली सात-आठ वर्षं ही टाकीसुद्धा गुणीच होती.

आणि आपण हसतो ते कोणाला? बोलावणाऱ्याला. रिकॉल म्हणजे घराण्याला बट्टा असंच जर गिऱ्हाईक मानणार असेल, तर कारखानदार काय शिकेल? आपल्याकडे कारखानदारांच्या संघटनेनं 2012 साली स्वखुशीची आचारसंहिता केली. सक्तीचे नियम लागू व्हायला 1 एप्रिल 2021 उजाडला. दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. ज्यांची एकेक गाडी पाच-सहा लाखांची, त्यांना हा दंड म्हणजे आपल्याला नो पार्किंगची पावती. शिवाय नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. सात वर्षांनी आपल्याकडची गाडी कुठं म्हातारी होते? ती शहरातून तालुक्याला जाते, दुसऱ्या मालकाकडे नांदते, आणि बोलावण्याचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडतं.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी थांबलो. "अण्णा, तुमच्या गाडीचं साल कोणतं?"

"एकोणीस. का हो?"

"भाच्याला फोन लावा."

भाचा नाशिकला. त्याला आधी काही आठवेना. मग बायकोनं टीव्हीखालचा खण उपसला. विजेची बिलं, दोन लग्नपत्रिका, वॉटर प्युरिफायरची गॅरंटी आणि त्याखाली कंपनीचं पत्र. एक नव्हे, दोन. "मामा, मला वाटलं जाहिरात असेल," भाचा म्हणाला. गाडी विकताना ही गोष्ट सांगितली असती तर मामांनी भाव पाडला असता, हे तो बोलला नाही. मामांनी तो पाडलाच असता, हे मीही बोललो नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर घातला की यादीत आहे की नाही ते कळतं. एमए3 आणि पुढची चौदा अक्षरं. मी कागद-पेन्सिल घेऊन आरसीबुकातला नंबर वाचून दाखवायला सांगितलं. अण्णा मुकाट्यानं उठले.

"याला पैसे किती पडतात हो?" त्यांनी दारातून विचारलं.

"फुकट."

"मग उद्याच जातो," अण्णा म्हणाले, आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधू लागले.