शिफारसीची जबाबदारी

'शिफारस' हा शब्द आपल्या भाषेत फारशीच्या वाटेने आला, आणि निजामाच्या अमदानीत ज्या शहराचे दप्तर दोनशे वर्षे, आधी फारशीत व मग उर्दूत, लिहिले गेले, त्या आपल्या छत्रपती संभाजीनगरात त्याचे मूळचे वजन जुन्या मंडळींना ठाऊक आहे. शिफारसपत्र देणारा मनुष्य केवळ मत नोंदवीत नसे. कोणासाठी, कोणाकडे आणि कोणत्या गरजेपोटी हे तिन्ही जाणून तो त्या कागदाखाली आपली पत तारण ठेवीत असे. अभिप्राय वस्तूविषयी असतो, शिफारस माणसासाठी असते. हा भेद ग्रंथपालांपुढे मांडण्याचे कारण असे, की वाचकांनी वाचकांना पुस्तके सुचविण्याचा व्यवहार आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अहोरात्र चालू झाला आहे आणि आपल्या व्यवसायातील पुष्कळजण त्याकडे परक्याच्या घरचे कार्य म्हणून पाहत आहेत.

ही अलिप्तता मराठवाड्याच्या ग्रंथपालाला तर मुळीच शोभत नाही. वरचे शिक्षण आणि कारभार दोन्ही उर्दूत असलेल्या निजामी काळी मराठी पुस्तक पुण्या-मुंबईहून येई आणि एका वाचकाच्या शब्दावर दुसऱ्याच्या घरी जाई. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. घरात छापील कागद प्रथमच येत होता अशा कुटुंबांतील मुलांना तेथे पुस्तकांची दारे उघडली. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' नियतकालिकाने लेखक-वाचक मेळावे भरविले, तेही नावातच वाचकाला लेखकाच्या पंक्तीला बसवून. आणि २०२१ च्या आरंभी याच शहराच्या मोहल्ल्यांत जी बाल वाचनालये सुरू झाली, त्यांचे बीज एका शाळकरी मुलीच्या स्वतःच्या पुस्तकांत होते.

काही महिन्यांपूर्वी एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी आम्ही बसलो असता एक तरुण सभासद आली आणि तिने भ्रमणध्वनीवर 'बनगरवाडी'च्या मुखपृष्ठाचे चित्र दाखविले. मैत्रिणीने आग्रहाने सुचविलेले ते पुस्तक तिला हवे होते. सेवकाने कपाटावरून नजर फिरवली, तसे चित्र कोठे दिसेना, आणि ती परत गेली. पुस्तक तेथेच होते. जुनी प्रत पुठ्ठा व कापडाच्या बांधणीत गेली होती, मुखपृष्ठ बांधणीतच हरवले होते, कण्यावरची शाई पुसट झाली होती. आत डकवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर कित्येक वर्षांत शिक्का उमटला नव्हता. वाचकाने वाचकाला केलेली शिफारस आमच्या दारापर्यंत बिनचूक पोहोचली होती. शेवटची दहा पावले चालणे आमचे काम होते आणि ते आमच्याकडून झाले नाही, याची टोचणी आजही आहे.

या नव्या व्यवहारात उणीव नाही असे नाही. 'ययाति', 'मृत्युंजय' अशी मोजकी नावे तेथे पुनःपुन्हा फिरत राहतात, कारण जे अनेकांनी वाचले तेच अनेक सुचवितात; पण रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची 'पाचोळा', जिच्यात एका शिंप्याच्या संसाराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून आपल्याच मुलखाच्या बोलीत येते, ती क्वचित कोणी सुचवितो. परंतु हा दोष वाचकांच्या माथी मारण्यापूर्वी आपण आपली ग्रंथखरेदी आठवावी. अनुदानाचा हप्ता हाती आला की वर्ष संपण्याच्या धांदलीत विक्रेत्याने पुढे केलेल्या यादीवर, अधिक सूट पाहून, जी पुस्तके मंजूर होतात, त्यांची शिफारस नेमकी कोणी कोणासाठी केलेली असते? प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितले. पडद्यावरचा अनोळखी वाचक पुस्तक ओळखतो, पण समोरचा वाचक ओळखीत नाही. ती ओळख वर्षानुवर्षे देवघेव करणाऱ्या ग्रंथपालापाशी असते, आणि म्हणूनच शिफारसीचा अधिकार व तिची जोखीम ही दोन्ही त्याने सोडता कामा नयेत.

तेव्हा आमची विनंती अगदी साधी आहे. देवघेवीच्या टेबलावर एक शिफारसवही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्या सभासदाने ते कोणी वाचावे, एवढेच दोन ओळींत लिहून खाली सही करावी. भ्रमणध्वनीवरून आलेली नावेही तीत उतरवून घ्यावीत, आणि आपल्याकडे असलेल्या पुस्तकापुढे त्याचा दाखल क्रमांक लिहावा. ग्रंथनिवड समितीच्या पुढच्या बैठकीत विक्रेत्याची यादी उघडण्याआधी ही वही वाचली जावी.