मेंदूज्वरानंतरचे मेध्योपचार आणि शंखपुष्पीची बाटली

मेंदूज्वरातून वाचलेला रुग्ण घरी परततो तो पूर्ण बरा होऊनच परततो असे नाही. क्षयजन्य मेंदूज्वरात तर औषधांचा क्रम वर्षभरापर्यंत चालतो, आणि ज्वर उतरल्यावरही शब्द न आठवणे, कामात चित्त न राहणे, चिडचिड, निद्रानाश ही लक्षणे महिनोन्‌महिने रेंगाळतात. धी, धृती व स्मृती यांचा असा भ्रंश झालेला रुग्ण पाटण, वाळवा, शिराळा या भागांतून कराडला आपल्याकडे येतो, तेव्हा नातेवाइकांची मागणी एकच असते : 'बुद्धीचे औषध द्या.' पुष्कळदा दुकानातून शंखपुष्पी सिरपची बाटली आधीच घरात आलेली असते. या लेखाचा रोख त्या बाटलीवर आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस व शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने सांगितली असून त्यांत शंखपुष्पीला विशेष मान आहे. त्याविषयी दुमत नाही. परंतु मेंदूज्वरात झटके आलेल्या रुग्णास झटकेरोधक औषध चालू असते, आणि ते फेनिटॉइन असेल तर प्रश्न गंभीर होतो. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे आटोक्यातील झटके अनपेक्षितपणे उसळले व रक्तातील औषधाची पातळी घटली. दोघेही शंखपुष्पी सिरप घेत होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी याचा उंदरांवर अभ्यास करून तो १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. सिरप सतत दिल्यास फेनिटॉइनची पातळी व परिणाम दोन्ही घटतात, तर एकाच मात्रेनेही परिणाम उणावतो, असे त्यात आढळले.

यावर काही सहव्यवसायी म्हणतात की, ते सिरप अनेक द्रव्यांचे मिश्रण होते. दोष शंखपुष्पीचाच कशावरून? आक्षेप रास्त आहे. शिवाय शंखपुष्पी या नावाने बाजारात एकाहून अधिक वनस्पती मिळतात. पण रुग्ण कल्क घेत नाही, बाटली घेतो.

उलट दिशेचेही उदाहरण आपल्याच भांडारात आहे. पिप्पली व मरिच यांतील पायपरीन फेनिटॉइनची रक्तातील पातळी वाढवते. म्हणजे अग्निमांद्यासाठी सहज दिलेले त्रिकटूही येथे निरुपद्रवी ठरत नाही. क्षयजन्य मेंदूज्वरात सुरुवातीचे काही आठवडे स्टिरॉइड असते. त्या काळात यष्टिमधू टाळलेलेच बरे, कारण दोन्हींमुळे पोटॅशियम घटू शकते. आपली औषधे प्रभावी आहेत असे आपण म्हणतो ना? मग ती इतर औषधांवरही प्रभाव टाकणारच.

माझे मत असे की, फेनिटॉइन चालू असेतो शंखपुष्पी सिरप देऊच नये. आज अनेक रुग्णांना लेव्हेटिरॅसिटॅम दिले जाते; तेथे हा विशिष्ट अभ्यास लागू होत नाही, तरीही मेध्य द्रव्य एका वेळी एकच आणि न्यूरॉलॉजिस्टना कळवूनच सुरू करावे. क्षयाच्या किंवा झटक्यांच्या गोळ्या आपल्या शब्दावर कोणी थांबवू नयेत. तोवर वैद्याला काम नाही असे मुळीच नाही. नियमित निद्रा, पचेल असा स्निग्ध आहार, अभ्यंग, ठरलेली दिनचर्या, पंधरा-वीस मिनिटांचे वाचन किंवा हिशेब आणि मध्ये विश्रांती, हे सारे घरच्यांना समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तो मोठ्या रुग्णालयात क्वचितच मिळतो.

मूल हाक ऐकून वळत नसेल तर त्याला मंद ठरवण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. मेंदूज्वराने श्रवणशक्ती जाऊ शकते. डोकेदुखी, उलट्या, वाढती गुंगी किंवा चालण्यात अडखळणे दिसल्यास मेंदूत पाणी साठत असण्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तेथे रसायनाचा विचार नको.

औषधविक्रेते बंधूंना एवढीच विनंती की, शंखपुष्पी मागणाऱ्यास 'झटक्यांची गोळी चालू आहे का?' असे विचारावे. 'हो' म्हटल्यास, किंवा नाव ठाऊक नसल्यास, बाटली न देता डिस्चार्ज कार्ड घेऊन वैद्याकडे जाण्यास सांगावे.