शेवटीं उघडलेलें दार

महासाथींत शाळा बंद ठेवणें योग्य होतें काय, हा वाद घरोघर अजून चालू आहे. वडील मंडळी म्हणतात, “जीव वांचला तर विद्या!” सुना-लेकी विचारतात, “मुलांचीं गेलेलीं वर्षें कोण परत देणार?” दोन्ही पक्षांत तथ्य आहे; म्हणून निवाडा करतांना त्या काळाचे दोन भाग पाडणें आम्हांस इष्ट वाटतें.

मार्च २०२० मध्यें राज्यांतील शाळा बंद झाल्या, त्या निर्णयास आम्ही दोष देत नाहीं. रोग नवा, लस नाहीं, उपायाची खात्री नाहीं. एकत्र कुटुंबांत नातू आजोबांच्या कुशींत निजतो. मुलाचा ताप उतरेल, पण तोच रोग म्हाताऱ्यास सोडील याची हमी कोणी द्यावी? त्या वेळीं दार लावून घेणें हेंच शहाणपणाचें होतें.

परंतु पुढचा क्रम पाहावा. मे २०२० मध्यें मद्याचीं दुकानें उघडूं लागलीं, ऑक्टोबरांत उपाहारगृहें. नववी ते बारावीस २३ नोव्हेंबर २०२० पासून मुभा मिळाली, पांचवी ते आठवीस २७ जानेवारी २०२१ पासून. दुसऱ्या लाटेंत तींही दारें मिटलीं. पहिली ते चौथीच्या परवानगीस मात्र १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला! जून २०२० मध्यें पहिलींत नांव घातलेल्या मुलानें वर्ग पाहिला तो दुसरींत गेल्यावर. ज्यास स्वतः वाचतां येतें त्यास शाळा आधीं, आणि ज्याचें बोट धरून अक्षर गिरवून घ्यावें लागतें त्यास शेवटीं, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो. डेन्मार्कनें एप्रिल २०२० मध्यें आधीं लहान मुलेंच वर्गांत बोलाविलीं होतीं. तेथील ऐसपैस वर्ग आमच्याकडे नाहींत, हें खरें. पण पाळीपाळीनें, ओटीवर वा झाडाखालीं मुलें बसविण्यास काय अडचण होती?

‘शिक्षण चालू आहे’ असें म्हणतां येत होतें तें दूरध्वनीच्या भरंवशावर. पेण-रोह्याच्या डोंगरांतील कातकरी व ठाकूर वाड्यांतून तो भरंवसा कितपत? त्यांत ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. विजेचे खांब कोसळले, गांवेंच्या गांवें कित्येक दिवस अंधारांत राहिलीं. शाळेंतील शिजलेल्या खिचडीच्या जागीं कोरडा शिधा आला. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. मुलास मागें ठेवण्याचें कारण म्हणजे शाळा, आणि तीच बंद!

परिणाम आंकड्यांत दिसतो. ‘असर’च्या पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांत दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतीं, २०२२ मध्यें तीं २०.५ वर आलीं.

घर हीच खरी शाळा, असें म्हणणारे विनोबांकडे बोट दाखवितात. पेण तालुक्यांतील गागोद्यास त्यांचें बालपण गेलें, आणि आई व आजोबा यांचे संस्कार त्यांस लाभले, हें सर्वश्रुत आहे. आमच्या घरांतूनही त्या काळांत आजीनें पाढे म्हणवून घेतले, काकांनीं गणितें घातलीं. पण ज्या घरीं वाचणारें कोणीच नाहीं, तेथील मुलानें कोणाकडे पाहावें? शाळा बंद झाली तेव्हां आमच्या मुलांचें थोडें अडलें. त्याचें सारेंच अडलें.

तेव्हां पुन्हा तसा प्रसंग न येवो. आलाच तर शाळा सर्वांच्या शेवटीं मिटावी, सर्वांच्या आधीं उघडावी, आणि तीही लहानांच्या वर्गापासून. सरकारास हें सांगतांना आपणही एक करावें: ज्यांच्या घरीं ओसरी आहे त्यांनीं शेजारचीं चार-पांच मुलें तेथें, अंतर राखून, रोज तासभर बसवावीं. हें व्रत साथीची वाट न पाहतां येत्या सोमवारीं आरंभिलें तरी चालेल. मागें पडलेलीं मुलें अजून आपल्या गांवांतच आहेत.