निकॉन एफ१०० आणि ३६ फोटो

फिल्मवर फोटो काढायचे म्हटलं की लोकांना जुना मॅन्युअल कॅमेराच हवा असतो. फोकसची रिंग फिरवण्यातच म्हणे खरी मजा! मला नाही बुवा पटत. माझा सेकंडहँड निकॉन एफ१०० म्हणजे १९९९ साली आलेलं मॉडेल. ४ पेन्सिल सेल घातले की फोकस, एक्सपोजर, रोल पुढे सरकवणं, सगळं तोच बघतो. माझ्याकडे उरतं एकच काम, बटण कधी दाबायचं ते ठरवणं. आणि तेच तर अवघड! रोलमध्ये फोटो ३६, काढलेला लगेच बघायची सोय नाही. मोबाईलवर आजीचे दोनेकशे फोटो असतील. एफ१००वर फक्त ३. पण तिन्ही वेळा ती हसेपर्यंत थांबलो होतो.