कांडवेल, उंदीर आणि मोडलेला पाय

किनवट तालुक्यातील इस्लापूरच्या जंगलपट्ट्यात हाड मोडले की अनेकांची पहिली धाव हाडवैद्याकडे असते. नांदेड लांब, हाडवैद्य जवळ. कांडवेलीचा लेप, त्यावर बांबूच्या कामट्या आणि घट्ट पट्टी हा ठरलेला उपाय. आता याच वेलीच्या गोळ्याही ‘प्रयोगाने सिद्ध’ म्हणून विकल्या जातात. ते प्रयोग नेमके काय सांगतात?

बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी १९६४ मध्ये उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. कांडवेल दिलेल्या उंदरांची मोडलेली हाडे लवकर बळकट झाली. त्यामुळे ही वेल निरुपयोगी आहे, असे म्हणता येत नाही. मात्र उंदराचे हाड साधारण पाच-सहा आठवड्यांत जुळते. माणसाच्या नडगीला तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. दोघांच्या हाडांची सूक्ष्म रचनाही सारखी नसते. म्हणून वजन पेलण्याचा प्रश्न असला की संशोधक मेंढीकडे वळतात.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. १९८४ पासून रूढ असलेल्या पद्धतीत उंदराला भूल देऊन मांडीच्या हाडात आधी बारीक तार घालतात आणि मगच हाड मोडतात. म्हणजे ते सुरुवातीपासून सरळ धरलेले असते आणि त्यावर जखमही नसते. बैलगाडीवरून पडलेल्या माणसाचे हाड तसे नसते. ते सरकते, वाकडे होते, कधी कातडी फाडून बाहेर येते. लेप ते जागेवर आणू शकत नाही.

खरा धोका वेलीचा नसून आवळलेल्या पट्टीचा आहे. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते. पट्टी सैल होत नाही आणि रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरू लागतात, प्रसंगी पाय कापावा लागतो. बोटे थंड, बधिर किंवा काळी-निळी पडली, ती हलवताना असह्य कळ आली, तर पट्टी लगेच सोडून रुग्णालय गाठावे. उघड्या जखमेवर लेप लावूच नये. धनुर्वाताची लस घ्यावी.

कामट्यांचा सैल आधार देऊन रुग्णाला त्याच दिवशी एक्स-रेसाठी पाठवणारा हाडवैद्य पाय वाचवतो. कांडवेलीचा विचार त्यानंतरही करता येतो.